प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणे!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या सगळ्या विंगांमधून एकच वाक्य ऐकू येतं, "प्रिंट येत नाहीये रे!" त्यावरची उत्तरंही ठरलेली. "नेट गेलंय." "ड्रायव्हर उडाला असेल." "विंडोज मार सरळ." पाच जण जमतात, पाचही जण इंजिनीअर होऊ घातलेले. एक राउटरची पिन काढतो, दुसरा प्रिंटर बंद-चालू करतो, तिसरा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करतो, चौथा मागच्या सेमिस्टरला काय झालं होतं ते सांगतो आणि पाचवा चहा घ्यायला जातो. कधीकधी प्रिंट येते. ती कशामुळे आली हे पाचातल्या एकालाही सांगता येत नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही.

मित्रांनो, मला वाटतं की वाटायला पाहिजे. कारण याच पाच जणांनी कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या जर्नलमध्ये ओएसआय मॉडेलचे ७ थर रंगीत पेनांनी काढलेले असतात. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट... तोंडी परीक्षेत उलटे म्हणायला सांगितले तरी म्हणतील. पण समोर खराखुरा प्रिंटर गप्प बसला की त्या सातांतला एकही थर आठवत नाही. आपण जे शिकतो आणि आपल्याला जे येतं यांच्यामधली केबल कुठेतरी तुटलेली आहे.

गंमत अशी की ज्या इथरनेटवर आपण पंधरा मार्कांचा प्रश्न लिहितो, ते जन्मालाच आलं प्रिंटरपायी. अमेरिकेत पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे गॅरी स्टार्कवेदरने १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर तयार केला. तिथेच ऑल्टो नावाचे वैयक्तिक संगणक बनत होते. एवढा वेगवान प्रिंटर प्रत्येक टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे संगणक त्या एका प्रिंटरला जोडायचे ठरलं. ते काम रॉबर्ट मेटकाफकडे आलं. २२ मे १९७३ ला त्याने जो मेमो लिहिला, त्यात इथरनेटची कल्पना मांडलेली होती. डेव्हिड बॉग्जच्या साथीने त्याने ती प्रत्यक्षात आणली. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. म्हणजे 'संगणक आणि प्रिंटर यांचं जमत नाही' हा प्रश्न नेटवर्किंगच्या परिघावरचा नाही, तो अगदी मुळाशी आहे. ५० वर्षं उलटून गेली तरी प्रश्न तोच, आणि आपण त्यावर उपाय म्हणून प्रिंटरला थापडा मारतो.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्टेलच्या प्रिंटसाठी एवढं काय? सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ, पेन ड्राइव्ह देऊ, झालं. खरं आहे, आपलं भागतं. पण कॉलेजच्या गेटबाहेर या. आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. २०११ पासून 'संग्राम' योजनेत ग्रामपंचायतींमध्ये संगणक आणि प्रिंटर बसले, पुढे त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला. सगळं ऑनलाइन झालं हे छानच, पण शेवटच्या पायरीवर माणसाच्या हातात काय पडतं? कागद! बँकेत पीककर्जाला कागद, सोसायटीत कागद, ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळ्याचे कागद. हजार मैलांवरच्या सर्व्हरपासून माहिती बिनचूक येते आणि शेवटच्या सहा फुटांत अडकते.

कळसाडीचा एखादा शेतकरी एक दिवसाची मजुरी किंवा पाण्याची पाळी सोडून तालुक्याला येतो आणि खिडकीतून त्याला सांगितलं जातं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सर्व्हर खरंच डाऊन असेल तर इलाज नाही. पण कित्येकदा सर्व्हर ठणठणीत असतो, पीडीएफ उतरवून झालेली असते, स्क्रीनवर सातबारा दिसत असतो आणि बंद असते ती फक्त संगणक ते प्रिंटर ही वाट. त्या वाटेला इंटरनेट लागतच नाही! उद्या बाहेरची फायबर तुटली तरी खोलीतला संगणक खोलीतल्या प्रिंटरशी बोलू शकतो, कारण त्या दोघांचा रस्ता मधल्या राउटरपर्यंतच जातो. 'नेट नाही' आणि 'प्रिंटर सापडत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकीसाठी वाट पाहावी लागते, दुसरी तिथल्या तिथे सुटते. हा फरक ज्याला कळत नाही तो 'उद्या या' म्हणतो, आणि तो उद्या कोणाच्या खिशातून जातो हे सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रिंट न येणं ही नशिबाची गोष्ट मानायचं आपण सोडून द्यावं, आणि कॉलेजनेही ती ज्याने-त्याने निस्तरायची गोष्ट मानू नये.

यात अवघड काय आहे? प्रश्न एकच विचारायचा, काम नेमकं कुठे थांबलं? पण तो क्रमाने विचारायला लागतो आणि आपल्यात तेवढा धीर नसतो. उदाहरणच घेऊ. कागदावर 'क ख ग'च्या जागी गिचमिड, चौकोन, उलटीसुलटी अक्षरं छापून आली. लगेच एक जण वाय-फायचा पासवर्ड बदलायला धावतो. अरे बाबा, कागदावर काहीतरी उमटलं म्हणजे संगणकाकडून प्रिंटरकडे माहिती पोचली! नेटवर्क पास झालं. नापास झाली ती भाषा, म्हणजे ड्रायव्हर चुकीचा किंवा फॉन्टची भानगड. (मराठी टायपिंगच्या जुन्या फॉन्टांवर वाढलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे आपलं 'सस्नेह निमंत्रण' कसल्या अगम्य इंग्रजीत दिसायचं ते ज्यांनी पाहिलंय तेच जाणोत.) उलट प्रिंटरच्या पॅनेलवरून त्याचं स्वतःचं कॉन्फिगरेशन पेज छापून बघा. ते आलं तर शाई, ड्रम, रोलर सगळं शाबूत आहे आणि दोष बाहेर आहे. शिवाय त्याच पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता लिहिलेला मिळतो. अर्धी लढाई तिथेच जिंकली.

त्या पत्त्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडचा खरा घोळ तिथे आहे. आपल्याकडे लाइट जाते. गेली आणि आली की राउटर आणि प्रिंटर दोघेही नव्याने जागे होतात. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात हे आपण पाठ केलंय. पण स्वस्तातले बरेच राउटर कोणाला कोणता पत्ता दिला होता ती यादी लाइट गेल्यावर विसरतात. समजा आधी प्रिंटरकडे १९२.१६८.१.५ होता. लाइट आल्यावर कोणाचा तरी मोबाइल आधी हजर झाला आणि ५ नंबर घेऊन बसला, प्रिंटरला मिळाला ९. संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर पत्र टाकतोय! भाड्याची खोली बदलल्यावर मनीऑर्डर परत यावी तसा प्रकार. प्रिंटर चालू, वाय-फाय चालू, संगणक चालू, आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन'. मग ड्रायव्हर काढून परत टाकला की प्रिंट येते, कारण टाकताना संगणक प्रिंटरला नव्याने शोधतो आणि नवा पत्ता लिहून घेतो. ड्रायव्हरला काहीच झालेलं नव्हतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तीच पूजा.

यावरचा कायमचा इलाज पाच मिनिटांचा आहे. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता ठरलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'या मॅकला नेहमी हाच आयपी द्यायचा' असं आरक्षण करायचं. एसटीत रुमाल टाकण्यापेक्षा हे आरक्षण भरवशाचं. काही जण प्रिंटरमध्येच हाताने कायमचा पत्ता भरतात. तेही चालतं, पण तो पत्ता राउटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा हवा. नाहीतर प्रिंटर झोपेत असताना राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टाकू शकतो, आणि मग 'अमुक सर आले की प्रिंटर बंद पडतो' अशी दंतकथा तयार होते. दंतकथा खरी असते बरं का, कारण सरांचा लॅपटॉप त्या पत्त्यावर बसलेला असतो. अशा वेळी संगणकावर एआरपीचा तक्ता उघडून पाहायचा. त्या आयपीसमोरच्या मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बहुतेकदा यंत्र कोणत्या कंपनीचं ते कळतं. प्रिंटरच्या जागी मोबाइल कंपनीचं नाव निघालं की चोर सापडला.

आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फार विचारच करू नका. याचा अर्थ त्या यंत्राला राउटर भेटलेलाच नाही, त्याने स्वतःच स्वतःला तात्पुरता नंबर देऊन घेतलाय. केबल बघा, पोर्टवरचा दिवा बघा. हॉस्टेलच्या माळ्यावरून गेलेल्या केबलच्या बाबतीत उंदीरही बघा. वाय-फाय असेल तर हेही बघा की जुने आणि स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचं वेगळ्या नावाचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. आणि 'गेस्ट' नेटवर्कवर बसून प्रिंटर शोधू नका. पाहुण्यांना घरातल्या बाकी यंत्रांशी बोलू द्यायचं नाही, यासाठीच ते असतं.

पिंग केलं आणि उत्तर आलं, तरी प्रिंट नाही? मग रस्ता ठीक आहे, दारात काहीतरी अडलंय. प्रिंटर साधारणपणे ९१०० नंबरच्या पोर्टवर काम घेतो. काही ठिकाणी जुना एलपीडी ५१५ वर, नवा आयपीपी ६३१ वर. फायरवॉल आड येत नाही ना? विंडोजमध्ये 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर कोणी टिक तर केली नाही ना? की रांगेत सर्वात पुढे कोणाची तरी अर्धवट मेलेली फाइल बसलीय आणि तिच्यामागे पंचवीस जणांचे असाइनमेंट उभे आहेत? स्पूलर थांबवून रांग साफ केली की सगळे सुटतात. आणखी एक भुताटकी आहे. प्रिंटर छान चालतोय, पण विंडोज त्याची हालहवाल एसएनएमपीने विचारतं आणि प्रिंटर उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर 'ऑफलाइन'चा शिक्का. पोर्टच्या सेटिंगमधली ती एक टिक काढली की मेलेला प्रिंटर जिवंत होतो.

एवढं वाचून कोणी म्हणेल, भाऊ, रिस्टार्ट केलं तरी यातलं निम्मं सुटतं की! सुटतं. रिस्टार्टने रांग हलते, पत्ता नव्याने मिळतो, झोपलेला प्रिंटर जागा होतो. माझा रिस्टार्टला विरोध नाही, विरोध आहे तो पहिल्याच मिनिटाला रिस्टार्ट करण्याला. कारण त्याने पुरावा पुसला जातो. चोरी झाल्यावर आधी फरशी पुसायची आणि मग पोलिसांना बोलवायचं, असं आहे ते. एक मिनिट थांबून पत्ता काय दिसतोय आणि एरर काय आलाय ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग खुशाल बंद-चालू करा. आणि पाच जणांनी पाच गोष्टी एकदम करू नयेत, एवढी एकच शिस्त पाळली तरी पुष्कळ.

चूक नेहमी आपल्याच खोलीत असते असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजचे सुरक्षा अपडेट आले आणि एका संगणकावरून शेअर केलेले प्रिंटर जगभरात ठिकठिकाणी एकदम जोडले जाईनात. शेवटी ११बी असलेला एरर यायचा. केबल, ड्रायव्हर, राउटर सगळं ठीक! त्याच वर्षी जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' हे मोठं भगदाड गाजलं होतं. तेव्हा इंटरनेटवर सर्रास फिरणारा उपाय काय, तर अपडेट काढून टाका. म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवा. अशा वेळी 'कालपर्यंत चालत होतं, मग काल ते आज यांत काय बदललं?' हा प्रश्न शंभर उपायांपेक्षा कामाचा ठरतो.

आणि तो प्रश्न कोणाला विचारायचा? इथे मला स्टाफविषयी, म्हणजे खरं तर आपल्याविषयी, थोडं स्पष्ट बोलायचंय. ऑफिसातले क्लार्क किंवा लॅबचे अटेंडंट काका सांगतात, "काल दुपारी लाइट गेली तेव्हापासून असं होतंय," किंवा "त्या कोपऱ्यातल्या मशीनवरून येते, यावरून येत नाही." आपण काय करतो? 'काकांना टेक्निकल काय कळतंय' अशा चेहऱ्याने हो हो म्हणतो आणि कीबोर्ड ओढून घेतो. वास्तविक त्या दोन वाक्यांत निदान झालेलं असतं! पहिलं वाक्य सांगतं की पत्ता बदलला असणार. दुसरं सांगतं की प्रिंटर निर्दोष आहे, या मशीनच्या सेटिंगमध्ये बघा.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी २००९ साली गाजलेली मंगळवारची गोष्ट ऐकावी. उबुंटू वापरणाऱ्या एका गृहस्थाची बायको म्हणायची, "मंगळवारी प्रिंट येत नाही." आपल्याकडे मंगळवारी कोणी केस कापत नाही, तसंच काहीसं म्हणून कोणीही हसलं असतं. गृहस्थही आधी हसलेच. मग पाहतात तर खरंच, मंगळवारी प्रिंट नाही, बुधवारी आहे! शोध घेतल्यावर निघालं ते असं. प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये तारीख लिहिलेली असायची. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या यादीत अशी चूक होती की, ठरावीक जागी 'ट्यू' म्हणजे ट्यूजडेचं लघुरूप दिसलं की तो ती फाइल भलत्याच प्रकारची समजायचा. फाइल प्रिंटरला समजेल अशी राहतच नव्हती. आठवड्यातून एक दिवस बंद, आणि बाकी सहा दिवस कितीही तपासा, सगळं ठीक! हा दोष कोणत्याही टेस्ट पेजने सापडला नसता. सापडला तो रोज प्रिंटरसमोर उभं राहणाऱ्या माणसाने वार लक्षात ठेवला म्हणून.

कॉलेजकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत, आणि दोन्हींना बजेट लागत नाही. पहिली, नेटवर्क लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल बिघडवलेल्या प्रिंटरवर व्हावं. सरांनी मुद्दाम एक दोष घालावा, कधी चुकीचा सबनेट मास्क, कधी दोन यंत्रांना एकच आयपी, कधी थांबवलेला स्पूलर. विद्यार्थ्याने दोष शोधावा आणि कोणत्या पुराव्यावरून शोधला ते जर्नलमध्ये लिहावं. मार्क पुराव्याला, नुसती प्रिंट आली म्हणून नाही. हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं काम आहे असं मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी समजू नये. उद्या साइट ऑफिसमध्ये ए-थ्री ड्रॉइंग अडलं की तिथे आयटीवाला असणार नाही. बऱ्याच विद्यापीठांत आता प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडी आधी ऑनलाइन येते आणि कॉलेजात छापली जाते. त्या अर्ध्या तासात प्रिंटर 'ऑफलाइन' झाला तर शेकडो मुलं बाकावर बसून राहतात. तिथे पाच जणांनी पाच पिना काढून चालत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. हॉस्टेल, लायब्ररी, ऑफिस, जिथे जिथे नेटवर्कवरचा प्रिंटर आहे तिथे त्याच्या अंगावर एक कागद चिकटवावा. त्यावर प्रिंटरचं मॉडेल, राखून ठेवलेला आयपी, मॅक पत्ता, तो कोणत्या वाय-फायवर किंवा स्विचच्या कितव्या पोर्टवर आहे, राउटरचा चार्ज कोणाकडे आहे, आणि खाली रिकाम्या ओळी. प्रत्येक बिघाडाला तारीख, काय दिसलं, कशाने सुटलं, एवढं एका ओळीत लिहायचं. सहा महिन्यांत तो कागद कोणत्याही मॅन्युअलपेक्षा उपयोगी होईल. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कंपनीचा इंजिनीअर यायला दिवस लागतात, तेव्हा आपल्या आधीच्या बॅचने लिहिलेली एक ओळच धावून येणार.

सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रावरही एक चक्कर मारा. तिथल्या ऑपरेटरला विचारा, लाइट गेल्यावर प्रिंटर पुन्हा जोडायला त्रास होतो का? बहुतेक 'हो' म्हणेल. राउटरचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर आरक्षण त्याच्याच हाताने करवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तो तुमची वाट बघणार नाही.

आपल्या हॉस्टेलच्या प्रिंटरसाठी तो कागद मी तयार करून ठेवलाय. तूर्त हाताने लिहिलेला आहे, कारण सध्या प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणे.